जरा सरकून बसा

दसरा उरकला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ट्रॅक्टर निघायला लागतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत ज्वारीची पोती, भांड्यांचं गाठोडं, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पाण्याचा ड्रम, बांधून घातलेली शेळी, खुराड्यात कोंबड्या, आणि या सगळ्या पसाऱ्यावर दोरीला धरून बसलेली पोरं. त्यातलं कुणी तिसरीत असतं, कुणी सहावीत. पुढचे पाच-सहा महिने ही पोरं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतील. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात गेले की धाकट्या भावंडाला सांभाळतील, वाढ्याच्या मोळ्या बांधू लागतील, दुपारची चूल पेटवतील.

नेमक्या याच दिवसांत शहरांतल्या इंग्रजी शाळांमध्ये दानाचा हंगाम सुरू होतो. गांधी जयंतीच्या आठवड्यात देशभर ‘दान उत्सव’ साजरा होतो. मग दिवाळीचा फराळ, मग नाताळ. मुलं घरून जुने स्वेटर, बिस्किटांचे पुडे, वापरलेली खेळणी आणतात. शाळेची बस एखाद्या वस्तीवर जाते, रांग लागते, बॅनर धरला जातो, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लिहिलेलं असतं की आमच्या विद्यार्थ्यांनी देण्यातला आनंद अनुभवला. तो आनंद खोटा नसतो. स्वेटर देणाऱ्या मुलाला बरं वाटतं आणि घेणाऱ्याला ऊब मिळते. पण त्या बसमधल्या मुलाच्या आयुष्यात त्यामुळे काय हललं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

हा प्रश्न सगळ्याच शाळांना विचारता येईल. मी तो कॅथलिक शाळांना विचारतो आहे, कारण आत्मकेंद्रित माणसाला उदार करणं हे आपल्या शिक्षणाचं उद्दिष्ट आहे असं त्या स्वतःच सांगतात. बाकीच्या खासगी शाळा निकालाची टक्केवारी सांगतात. कॅथलिक शाळा टक्केवारीही सांगतात आणि सेवेचं ब्रीदही भिंतीवर लिहितात. ज्याने मोठा दावा केला, त्याला मोठा प्रश्न विचारणं हा त्याचा मानच आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: शाळेचं औदार्य तिच्या फाटकातून बाहेर काय जातं यावर मोजू नये, फाटकातून आत कोण येतं यावर मोजावं. आतल्या मुलांच्या शेजारी कोण बसतं हे बदललं नाही, तर मूल्यशिक्षणाच्या तासाने कोणीही उदार होत नाही.

खुद्द कॅथलिक परंपरेतच हा प्रश्न फार कडकपणे विचारला गेलेला आहे. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात युरोपभरच्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) शाळांचे माजी विद्यार्थी जमले होते. जेझुइट संघाचे त्या वेळचे प्रमुख पेद्रो अरुपे हे वक्ते. हा माणूस साधा नव्हता. ६ ऑगस्ट १९४५ ला ते हिरोशिमाच्या वेशीवरच्या प्रशिक्षणगृहात होते, आणि बॉम्ब पडल्यावर त्याच घराचं रुग्णालय करून त्यांनी भाजलेल्या माणसांवर उपचार केले होते. व्हॅलेन्सियाला जमलेले लोक म्हणजे चांगल्या घरचे, चांगल्या हुद्द्यांवरचे सुशिक्षित कॅथलिक. आपल्या शाळांचं कौतुक ऐकायला ते आले असणार. अरुपेंनी त्यांना विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही घडवलं. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं तयार करणं हे आमचं काम होतं आणि त्यात आम्ही कमी पडलो. अनेकांना हे भाषण झोंबलं. पण आज जगभरच्या जेझुइट शाळांच्या भिंतींवर ‘दुसऱ्यांसाठी माणसं’ या अर्थाचं जे ब्रीद दिसतं, ते त्याच भाषणातून आलेलं आहे. ज्या वाक्याने सभा अस्वस्थ झाली, ते पुढे शाळेच्या डायरीवर छापलं जाऊ लागलं. ब्रीदांचं बहुतेक वेळा असंच होतं.

अरुपेंच्या आधी आठ वर्षं, २८ ऑक्टोबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयीचा आपला जाहीरनामा मंजूर केला होता. कॅथलिक शाळांनी कुणाकडे विशेष लक्ष द्यावं हे त्यात सांगितलेलं आहे: जे ऐहिक अर्थाने गरीब आहेत, जे कुटुंबाच्या मायेला आणि आधाराला पारखे झाले आहेत, आणि जे ख्रिस्ती श्रद्धेला परके आहेत. रोममध्ये बसून हे लिहिणाऱ्यांना बीड जिल्हा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरीही ऊसतोड कामगाराच्या मुलाला ही तिन्ही वर्णनं लागू पडतात. ते गरीब आहे. सहा महिने ते आईबापांवाचून आजीपाशी राहतं, किंवा आईबापांसोबत राहून शाळेवाचून राहतं. आणि ते ख्रिस्ती तर नाहीच. १९७७ साली स्थापन झालेल्या कॅथलिक चर्चच्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या कक्षेत बीड जिल्हा येतो. म्हणजे या मुलाला शोधायला तिथल्या कॅथलिक शाळेला कुठे लांब जावं लागणार नाही.

आता कायद्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्यात, ही त्यातली सर्वांत गाजलेली तरतूद. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘प्रमती’ खटल्यात निकाल दिला की राज्यघटनेच्या कलम ३० खाली येणाऱ्या अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. अल्पसंख्य समाजाने स्वतःसाठी उभ्या केलेल्या संस्थेचं स्वरूप सरकारी आदेशाने बदललं जाऊ नये, हा घटनेचा दिलासा आहे आणि तो मोलाचा आहे. आजच्या वातावरणात तर अधिकच.

पण या सवलतीच्या आडोशाने काय घडलं तेही पाहायला हवं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्य शाळांचा अहवाल काढला. ख्रिस्ती शाळांमधले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्य समाजाबाहेरचे आहेत, आणि एकूण अल्पसंख्य शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतली मुलं ९ टक्क्यांच्याही आत आहेत, असं त्यात नोंदवलं आहे. आयोगाच्या शिफारशी मान्य असोत वा नसोत, त्याच्या हेतूविषयी शंका असो वा नसो, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की टोचतात. बाहेरच्यांना प्रवेश द्यायला शाळेची हरकत नाही. हरकत दिसते ती गरिबाला द्यायला. बहुसंख्य समाजातल्या डॉक्टराचा, व्यापाऱ्याचा, बागायतदाराचा मुलगा आत आल्याने संस्थेचं अल्पसंख्य स्वरूप बिघडत नसेल, तर त्याच समाजातल्या कोयत्यावाल्याच्या मुलाने ते कसं बिघडेल?

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘प्रमती’ निकालाच्या बरोबर असण्याविषयी शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. पुढे जे व्हायचं ते होईल. पण उद्या न्यायालयाने भाग पाडलं आणि मग जागा दिल्या, तर त्या देण्याला कायद्याचं पालन म्हणतील. औदार्य दाखवायची संधी शाळांना आज आहे, जेव्हा त्यांना कुणीही भाग पाडत नाही. कायद्यातून सुटका मिळालेल्या माणसाने त्या सुटकेचं काय केलं, यावरून त्याचं मन कळतं.

हे फक्त कॅथलिक शाळांचं दुखणं आहे असं मात्र मानू नये. ज्या शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या अटीतून सोडवण्याचा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे गरिबाचं मूल आपल्या मुलाच्या बाकावर नको ही इच्छा सर्वधर्मीय आहे. म्हणूनच सेवेचं ब्रीद सांगणाऱ्याने तरी वेगळं वागावं, ही अपेक्षा रास्त ठरते.

एसटीत चढल्यावर आपण सगळ्यांनी हे अनुभवलेलं आहे. खिडकीशी बसलेला माणूस बाहेरच्या भिकाऱ्याच्या हातावर रुपया ठेवतो, पण उभ्या असलेल्या बाईने ‘जरा सरकून बसा’ म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. रुपया दिल्याने त्याचं काही बिघडत नाही. सरकलं की त्याची जागा कमी होते. आत्मकेंद्रितपणा मोडायचा तर तो जागेच्या प्रश्नावरच मोडावा लागतो. ब्लँकेटवाटप हे खिडकीतून दिलेल्या रुपयासारखं आहे, म्हणून ते दरवर्षी बिनबोभाट पार पडतं.

बायबलमधल्या येशूच्या कथांतही हीच मेख आहे. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या कथेत लाजर कुठे पडलेला असतो? श्रीमंताच्या दाराशी. श्रीमंताने त्याला मारलं, हाकललं, शिव्या दिल्या, असं कथेत कुठेही नाही. लाजर दाराबाहेर होता आणि दाराबाहेरच राहिला, एवढाच श्रीमंताचा गुन्हा. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची कथाही प्रत्येक कॅथलिक शाळेत सांगितली जाते, आणि बहुधा देणगीच्या आवाहनाआधी सांगितली जाते. तिचा खरा रोख देणगीदारांच्या सोयीचा नाही. उरलंसुरलं देणाऱ्यांच्या रांगेत ती बाई मोठी ठरते, कारण तिने दिलेलं तिला कमी पडणार होतं. ज्या देण्याने देणाऱ्याला काही कमी पडत नाही, त्याला या कथेत फारशी किंमत नाही.

भिंतीपलीकडे पाहिलं की शाळेचं काय होतं, याचं एक उदाहरण कोलकात्यात आहे. एंटाली भागातल्या सेंट मेरीज या कॅथलिक शाळेत लोरेटो संघातल्या एक भगिनी बरीच वर्षं भूगोल शिकवत होत्या. १९४४ मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळेच्या आवाराला लागूनच मोतीझील ही झोपडपट्टी. शाळेतल्या मुली सेवामंडळातर्फे तिथे जाऊन येत. त्या भगिनी म्हणजे मदर तेरेसा. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी कॉन्व्हेंट सोडलं आणि पुढे त्याच मोतीझीलमध्ये मुलांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९४९ पासून त्यांच्याकडे ज्या पहिल्या मुली आल्या, त्यांतल्या बऱ्याचजणी त्याच शाळेतल्या त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या बाईंनी आधी स्वतःची जागा सोडून दाखवली होती. शिक्षकाने न सोडलेली गोष्ट विद्यार्थ्याने सोडावी ही अपेक्षा कुठल्याही शाळेत फळत नाही.

आणि शाळेत रोज काय शिकवलं जातं? बीड-लातूर पट्ट्यात जून-जुलैमध्ये चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. नीटमध्ये इतके गुण, दहावीत इतके टक्के, मध्ये मुलाचा फोटो, खाली संस्थाचालकांचा. पहिलीपासून मुलाला सांगितलं जातं की शेजारचा मुलगा तुझा प्रतिस्पर्धी आहे. वही दाखवू नकोस, नोट्स देऊ नकोस, क्लासचा पत्ता सांगू नकोस. मग आठवड्यातला एक तास मूल्यशिक्षणाचा येतो आणि त्यात सांगितलं जातं की वाटून खावं. मूल हुशार असतं. आठवड्यातल्या बाकीच्या सगळ्या तासांनी जे शिकवलं तेच खरं, आणि हा एक तास समारंभाचा, हे त्याला लवकर कळतं. त्याच्या आत्मकेंद्रितपणाबद्दल नंतर पालकसभेत हळहळ व्यक्त होते, जणू तो त्याने घरच्या टीव्हीवरून उचलला.

बीडमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जातीजातींतलं अंतर इतकं वाढलं की २०२५ च्या सुरुवातीला पोलिसांनी आपल्याच कर्मचाऱ्यांच्या नावपाट्यांवरून आडनावं काढून फक्त पहिली नावं ठेवायची असं ठरवलं. समोरचा हवालदार कुठल्या समाजाचा आहे हे आडनावावरून ताडून मग तक्रार करायची की नाही हे माणसं ठरवू लागली असतील, तर तिथल्या शाळेपुढचं काम उघड आहे. मोठी माणसं आडनाव झाकतील. मुलांना मात्र आडनावासकट शेजारी बसायला शिकवता येतं. मराठा, वंजारी, बौद्ध, मातंग, मुस्लिम आणि मूठभर ख्रिस्ती घरांतली मुलं एका बाकावर, एका पंगतीत बसवणं, हे आजच्या बीडमध्ये कुठल्याही फराळवाटपापेक्षा मोठं दान आहे. कॅथलिक शाळेला इथे एक सोयही आहे: ती स्थानिक जातींपैकी कुणाचीच नाही.

यासाठी कुणाला युरोपकडे पाहायची गरज नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून जेवली. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव दिलं. या वसतिगृहातल्या मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही हकिकत महाराष्ट्राला माहीत आहे. बीडमध्येच शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ‘शांतिवन’ उभं केलं, ऊसतोड कामगारांच्या आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. तेही माळरानावर. बाबा आमट्यांच्या प्रेरणेतून आलेलं हे काम ख्रिस्ती नाही, पण व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यातली ती तीन वर्णनं हातात घेऊन कुणी बीडमध्ये फिरलं, तर तो आधी आर्वीला पोहोचेल.

आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात एक कॅथलिक उदाहरणही आहे. स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये भारतात आलेले जेझुइट फादर हरमन बाखर. ते नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत रमले. पाणलोट विकासाच्या ज्या मोठ्या भारत-जर्मन कार्यक्रमामागे ते होते, तो १९८९ मध्ये सुरू झाला आणि त्यातूनच पुढे १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. बाखरांची एक अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पैसा येण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचं. चराई आणि कुऱ्हाड यांवर बंदी स्वतःच घालून घ्यायची. ज्याला मदत मिळणार, त्यानेही काही दिलंच पाहिजे. वरवर ही अट कठोर वाटते, पण तिच्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राहते. ‘तुझ्याकडेही देण्यासारखं आहे’ असं तिच्यातून सांगितलं जातं. ब्लँकेटच्या रांगेत हे सांगितलं जात नाही. तिथे एका मुलाला कायमचा दाता आणि दुसऱ्याला कायमचा याचक केलं जातं, आणि दोघांचंही नुकसान होतं.

कोयत्यावाल्याच्या मुलीकडे देण्यासारखं काय आहे? एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तिला माहीत आहे. उचल म्हणजे काय, ती हंगामाआधी घेतली की हंगाम संपेपर्यंत फिटते का, खाडा झाला की मुकादम किती कापतो, हे गणित तिने रोज रात्री कोपीत ऐकलेलं आहे. साखर कुठून येते हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत आहे. तिच्या हाताला पाचटाने चरे पडलेले आहेत. अशी मुलगी शेजारी बसली की डॉक्टरच्या मुलाला पहिल्यांदा कळेल की त्याच्या चहातल्या साखरेला एक पत्ता आहे. सातवीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला ही मुलगी उभी राहून बोलली, तर त्या तासाची बरोबरी कुठलीही सहल करणार नाही. इथून पुढे देणं दोन्ही बाजूंनी सुरू होतं.

आता आक्षेप. ते खरे आहेत आणि त्यांना बगल देऊन चालणार नाही.

पहिला पैशाचा. विनाअनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार फीमधूनच होतात. २५ टक्के मुलं मोफत शिकली तर बाकीच्यांची फी वाढेल. इतर शाळांना सरकारकडून मिळणारी प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते, मग आम्ही स्वतःहून हा भार का घ्यावा? याचं उत्तर असं की फी वाढेल, थोडी वाढेल, आणि ती का वाढली हे पालकांना स्पष्ट सांगावं. ती वाढ म्हणजेच दान आहे. वर्षातून एकदा गोळा होणाऱ्या वस्तूंऐवजी महिन्याच्या फीत मिळालेला तो वाटा कुणाच्या फोटोत येणार नाही, आणि त्यातच त्याचं मोल आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा. काही पालक मुलं काढतील. काढू द्यावीत. जो पालक गरीब मूल शेजारी बसलं म्हणून शाळा सोडतो, त्याच्या मुलाला उदार बनवण्याचं आश्वासन शाळेने आधीच द्यायला नको होतं.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत खरा. जे मूल सहा महिने गावात नसतं, ते इंग्रजी माध्यमात टिकेल कसं? नुसती जागा देऊन मागे पडू देणं ही क्रूरता आहे. इथे कॅथलिक संस्थांचं जुनं कसब कामी यायला हवं. वसतिगृह चालवणं हे भगिनींना जितकं जमतं तितकं फार थोड्यांना जमतं. सरकारी योजनेत जिल्हा परिषदेच्या शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप फडावर गेले की मूल गावातच राहतं, शाळेत जेवतं, शिकतं. या योजनेला जोडून शाळेने हंगामात राहण्याची सोय करावी, संध्याकाळचे वर्ग घ्यावेत. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना शिकवावं. मुलगी वसतिगृहात सुरक्षित असेल तर तिला फडावर न्यायची वेळ येत नाही, आणि तिचं लग्न लवकर उरकण्याचं एक कारण कमी होतं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली असलेला हा जिल्हा आहे. इथे मुलीसाठी राखलेली प्रत्येक जागा दुप्पट मोलाची.

चौथा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही. ख्रिस्ती संस्थेने गरिबाच्या पोराला जवळ घेतलं की धर्मांतराचा संशय येतो. तो टाळण्यासाठी अनेक शाळांनी सुरक्षित मार्ग पत्करला: सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांना शिकवायचं, उत्तम निकाल लावायचे, कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. या भीतीला हसण्यात अर्थ नाही. बीडला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबादेत जानेवारी २०२० मध्ये साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, आणि ते ख्रिस्ती धर्मगुरू होते एवढ्याच कारणावरून त्यांच्या निवडीला विरोध झाला होता. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या, आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाच्या वाट्याला हे आलं. दिब्रिटो संमेलनाला गेले, आजारी असूनही गेले, आणि मराठवाड्याने त्यांचं ऐकलं. भीतीवर उतारा लपण्यात नाही, उघडेपणात आहे. जागा सोडत काढून द्याव्यात, ती सोडत पालकांसमोर व्हावी, जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीला बोलवावं, वसतिगृहात कुणी कधीही येऊन पाहावं. ज्या देण्यात परतफेडीची अपेक्षा नाही, त्याला लपवण्यासारखं काही नसतं. आणि मूल शिकून गेलं, त्याने चर्चकडे वळूनही पाहिलं नाही, तरी शाळेला समाधान वाटत असेल, तर ते देणं निखळ.

यातला कुठलाही उपाय एका सभेत मंजूर होणार नाही. व्यवस्थापन म्हणेल पुढच्या वर्षी पाहू, पालक म्हणतील आमची मुलं मागे पडतील, शिक्षक म्हणतील आधीच कामाचा बोजा आहे. म्हणून सुरुवात एका साध्या गोष्टीने करावी. प्रत्येक कॅथलिक शाळा वार्षिक अहवाल काढते. त्यात निकाल असतो, क्रीडास्पर्धा असतात, स्नेहसंमेलनाचे फोटो असतात, समाजसेवेचं एक पान असतं. त्या पानावरची ब्लँकेटांची संख्या काढून टाकावी आणि तिथे तीन आकडे छापावेत: या वर्षी मोफत प्रवेश किती मुलांना दिला, त्यातली किती दिवाळीनंतरही वर्गात राहिली, आणि यापूर्वी घेतलेल्यांपैकी किती दहावीपर्यंत पोहोचली. पहिल्या वर्षी हे आकडे लाजिरवाणे असतील. छापावेत तरीही. अरुपेंनी १९७३ मध्ये माजी विद्यार्थ्यांसमोर आपल्याच संस्थांचा हिशेब असाच मांडला होता, आणि त्यातूनच पुढे काही बदललं. सेवेचं ब्रीद भिंतीवर रंगवायला एक दिवस पुरतो; दरवर्षी आपले आकडे पालकांच्या हातात ठेवायला मात्र, आपण कमी पडलो हे म्हणायची तयारी लागते. बीडमधल्या मुलांना उदार व्हायला शिकवायचं असेल, तर त्यांच्या शाळेने हा पहिला धडा स्वतः गिरवावा.